लांब राहिलेली दोरी

सोनईच्या रस्त्याला ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या, तेव्हापासून त्यांतली एक बाई मला येता-जाता रोज दिसायची. फडातून आली की आधी कोंबड्या डालग्याखाली झाकायची, मगच कुत्र्याला सोडायची. एका सकाळी पाहिलं, तर तो बैलगाडीला बांधलेलाच होता, पण त्याच्या पुढ्यात एक कोंबडी मरून पडली होती.

"चांगला बडवा त्याला," मी मोटारसायकल थांबवून नको तो शहाणपणा केला.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "उसात उंदीर दिसला की आमीच त्याला 'धर, धर' म्हनतो. कोंबडी धरायची न्हाई, हे त्याला कोन सांगनार? दोरी मीच लांब बांदली."

मग खाली बसून तिने दोरी हातभर आखूड केली आणि त्याच्या तोंडाला चिकटलेली पिसं एकेक करून काढली.