नागम्मानं अडवलेला रिपोर्ट

आमच्या लॅबमधली नागम्मा मूळची किल्लारीची. तिशी ओलांडली, तरी उंची चौथीतल्या पोरीएवढी. लातुरात क्लासचं पेव फुटलेलं, त्यामुळं रक्त द्यायला येणारी पोरं तिलाच विचारायची, "कितवीला गं तू?" ही बिलंदर. सुई टोचता टोचता सांगायची, "रिपीटर हाय, लई वर्षांपासून."

एकदा कंधारचे बजरंग आपल्या आठ वर्षांच्या ऋतुजाला घेऊन आले. पोरगी वर्गात सगळ्यांत बुटकी. नांदेडच्या एका लॅबनं वाढीचं हार्मोन कमी सांगितलं होतं. म्हणजे रोज एक इंजेक्शन, तेही कित्येक वर्षं. बाप हादरलेला. आम्ही तीच तपासणी पुन्हा केली, तर आकडा चांगला आला! बजरंगनी लगेच पेढे आणले. आणि नागम्मानं रिपोर्ट अडवला.

"चांगलं आलं की! मग कामून अडवून राहिल्या, ताई?"

"दादा, मोंढ्यात दोन काटे दोन वजनं दावायले तर काय करता? तोच माल दोन्हींवर ठिवून बघता का न्हाई?"

आमच्या डॉक्टर मॅडमना विचारून तिनं ऋतुजाचं उरलेलं रक्त बर्फात घालून नांदेडला पाठवलं. तिथं आकडा पुन्हा कमीच आला. रक्त तेच होतं, म्हणून मशीन तपासली, तर आमचीच चढा आकडा देत होती. मॅडमनी रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहिलं. मग मुलांच्या डॉक्टरांनी वर्षभरातली वाढ पाहिली. ती जेमतेम बोटभर. इंजेक्शनं सुरू करायचं ठरलं.

बजरंग ऋतुजाला घेऊन तडक लॅबमध्ये आले आणि नागम्मावर खेकसले, "चांगलं लिहून दिलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?"

मला असा राग आला! पण नागम्मा शांतपणे उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांच्या छातीलाही ती लागत नव्हती.

"भूकंपानंतर मी वाढंना," ती म्हणाली. "समदे माझ्या बापाला म्हणले, धसका घेतलाय पोरीनं, वाढंल आपोआप. बापाला लई बरं वाटलं, दादा. त्यानं मला कुठंच दाखवलं न्हाई."

माझे डोळे भरून आले होते. बजरंगनी ऋतुजाचा हात धरून तिला पुढं आणलं.

"पहिली सुई तुमच्याच हातानं द्या, ताई."