मोठ्या अक्षराचा भाव

माझी थोरली जाऊ कोल्हारला तिच्या लेकाकडे असते. आम्ही दोघींनी एकाच जात्यावर वर्षानुवर्षं दळलं, ओव्या म्हटल्या. त्या ओव्यांचं पुस्तक करायचं ठरलं. मी सांगत गेले, नातीनं टाइप केलं. निम्म्याहून जास्त ओव्या जावेच्याच.

ती चौथी शिकलेली. वाचायची हौस माझ्यापेक्षा दांडगी. आता तिचा एक डोळा गेला आणि दुसऱ्याला बोटाएवढं अक्षर लागतं. दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं तिला चालत नाही. म्हणते, लोक मधलं गाळतात. डोळा आहे तोवर तिनं तिच्या ओव्या स्वतः वाचाव्यात, एवढंच मला पाहिजे होतं.

नातीला घेऊन शेवगावच्या छापखान्यात गेले. छापखानेवाल्याला म्हणाले, "अक्षर मोठं घाला."

"आजी, मग पानं दुप्पट होतील. कागद दुप्पट, बांधणी जाड. किंमत त्याच्यावरच ठरते."

"मग एकच प्रत मोठी काढा. बाकीच्या बारीक."

छापखानेवाला हसला. "एक काढा न्हाईतर तीनशे काढा, पानं लावायचं काम तेवढंच. तो खर्च तीनशे प्रतींवर वाटला तर एकेकीला थोडा येतो. एकीवरच टाकला तर तेवढ्या पैशात शेळी येईल."

"बरं, सगळ्या मोठ्या काढा. किंमत मी कमी ठेवते. मी बाजारात मेथी विकलीय. सांजच्याला पडत्या भावात देता येतं."

"दुकानदाराचा वाटा छापील किमतीतून जातो, आजी. कमी ठेवली तर दर पुस्तकामागं पदरचं घालाल."

मला त्याचा राग आला, पण त्याचं चुकत नव्हतं. बारीक अक्षरातच छापायला सांगून मी बाहेर आले.

रसवंतीवर बसल्यावर नात म्हणाली, "आज्जी, ई-बुक पण काढू. मोबाईलवर वाचायचं. त्यात कागदच नाही, वाचणाऱ्यानं अक्षर हवं तेवढं मोठं करायचं. त्यानं किंमत वाढत नाही."

माझा विश्वास बसला नाही. मोठं दिलं की पैसे जास्त, हेच मी जन्मभर पाहिलेलं. मग तिनं किंमत सांगितली. छापील पुस्तकाच्या निम्म्याहून कमी.

"दळण तेवढंच, गळा तेवढाच. मग भाव का पाडला?"

"छपाई नाही, दुकान नाही. विकणारी वेबसाइट तिचा वाटा घेते तेवढाच. आणि हातात येत नाही त्याला लोक जास्त देत नाहीत."

"आन् आमचा घसा फुटला, ते कुठं धरलं?"

ती रसाचा ग्लास फिरवत राहिली. म्हणाली, "ते दोन्हीत धरलेलं नाही, आज्जी."

छापील पुस्तकाच्या आधी ई-बुक तयार झालं. आम्ही कोल्हारला गेलो. नातीनं स्वतःच्या मोबाईलवर अक्षर एवढं वाढवलं की एका वेळी चारच शब्द मावले. जावेनं मोबाईल नाकाला लावला. बराच वेळ ओठ हलत होते. मग खेकसली, "ही ओवी माझी. तू तुझ्या नावावर घातलीस व्हय गं?"

"दोघींचीच नावं हायेत वर. नीट बघा, बाई."

"बघतेच हाय." मग पुढं वाचू लागली. वाचता वाचता चाल लावली. आवाज चिरका, पण सूर तोच. सासूला टोमणा मारलेली ओवी आली तशी हसून तिला ठसका लागला. मी पाठीवर हात फिरवला तर झटकला. "थांब, मधीच हाय."

मग तिनं किंमत विचारली. मी सांगितली. "एवढ्याला? लई स्वस्तात घालवलंस मला."

एसटीची वेळ झाली. मोबाईल नातीचा, त्याच्यावर तिची सगळी कामं. तो जावेकडं ठेव म्हणायला माझी जीभ उचलेना. नात पायात चपला घालून उभी होती. जावेनं मान वर केली नाही.

"राहू दे, आज्जी," नात हळूच म्हणाली. "रविवारी येऊन नेईन."

मी जावेला सांगितलं, चार्जिंग संपलं तर घरातल्या नातसुनेला लावायला सांगा. तिनं हातानंच आम्हाला जायला खुणावलं.