शनिवारी ज्याचं त्याचं पुस्तक

मराठीच्या बाईंकडे वर्षाअखेरीस दोन गोष्टी साचतात: तपासायचे निबंध आणि किस्से. निबंध कसेबसे संपतात!

लोणीजवळच्या आमच्या शाळेत नववीला मी दोन वाचनं चालवते. सोमवार ते शुक्रवार एकच कादंबरी, सगळ्यांनी मिळून. शनिवारी ज्याला जे आवडेल ते. हा शनिवार माझा जीव की प्राण. मुख्याध्यापकांना मात्र तो वेळेचा खेळखंडोबा वाटतो. "पालकसभेत निकाल लावू," असं त्यांनी सांगून ठेवलेलं.

पहिल्याच शनिवारी ओंकारने नांगरणीच्या पॉवर टिलरचं माहितीपुस्तक आणलं.
"अरे, यात काय गोष्ट आहे का?"
"हाय की मॅडम! शेवटच्या पानावर मशीन चालू व्हतं!"

समीर हा पक्का आळशी. वर्गातल्या पुस्तकपेटीतलं सगळ्यात पातळ पुस्तक त्याने उचललं, तो निघाला कवितासंग्रह. तासभर एकाच पानावर! शेवटी वैतागून म्हणाला, "फसलो राव. पानं कमी, पण संपतच न्हाई!"

कादंबरीचा नियम एकच: पुढचं कुणी वाचायचं नाही. कादंबरीतल्या मुलीचा नावाडी बाप पुरात बेपत्ता झालेला. ऋतुजाने घरी गुपचूप पुढचं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एक प्रकरण आधीच रडायला लागली. पोरं खवळली. "मॅडम, हिच्या तोंडावरनं सगळं कळतंय!" वर्गाने शिक्षा ठोठावली: वाचन चालू असेपर्यंत ऋतुजाने भिंतीकडे तोंड करून बसायचं. बसली बिचारी!

मग आली पालकसभा. ऐन कांदाकाढणीत, तरी आया झाडून सगळ्या हजर. मुख्याध्यापक म्हणाले, "शनिवारचा तासही कादंबरीला देऊ. म्हणजे ती पटकन उरकेल."

गेला माझा शनिवार! पालकांना काय, लवकर संपलेलं बरंच वाटणार.

इतक्यात सायलीची आई उठली. "सर, उरकू नगा! सायली रोज शाळेतनं आली की वावरात येती. आमी कांदं काढतो अन् ती त्या दिवसाची गोष्ट सांगती. पुढचं ऐकायला आळीतल्या समद्या बाया माज्याच वावरात कामाला येत्यात."

"बरं, मग?"

"मग काय सर! अजून दीड एकर कांदा जमिनीत हाय!"