निवडक लेंड्या
चकाचक काकू हे नाव गल्लीनं टिंगलीनं ठेवलं आणि काकूंनी ते शाबासकी म्हणून घेतलं. तीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरी उकळल्या होत्या. निवृत्त झाल्यावर मागच्या अंगणात तीन मेंढ्या आणल्या, आणि मग काय, त्या मेंढ्यांची खैर नव्हती. खूर पुसल्याशिवाय गोठ्यात प्रवेश नाही. रोज फिनेल. अंगणातलं गवत तर विचारूच नका. ते बोटभरही वाढायचं नाही; मेंढ्यांनी मुळापर्यंत कुरतडलं की वरून दोन वेळा पाइपनं पाणी. अंगण कसं सतरंजी अंथरल्यासारखं दिसलं पाहिजे. आपल्यालाही एक दिवस पाइपखाली उभं करतील, असं सून म्हणायची, पण हळू.

तिघींत ठमी लाडकी. आईविना राहिलेलं कोकरू, काकूंनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. सुनेशी बोलताना चढलेला आवाज ठमीशी बोलताना आपोआप उतरायचा. तर ही ठमी मलूल झाली. खाणं निम्म्यावर आलं, शेपटाखालची लोकर बरबटू लागली आणि जबड्याखाली मऊ सूज लोंबायला लागली. रात्रीचं जेवण त्यांना जाईना.

ठमीला असल्या अवतारात लोकांपुढे न्यायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून गुरांच्या दवाखान्यात त्या एकट्याच गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण आणि मोजकं बोलणाऱ्या. लक्षणं ऐकून म्हणाल्या, जंत दिसताहेत. पण तपासल्याशिवाय औषध देणार नाही, आजारी मेंढीच्या ताज्या लेंड्या डबीतून आणा. जंत! चकाचक काकूंच्या घरी! आणि नेमकी मागच्या बाकावर गल्लीतली शिंपीण बसलेली, जिच्या मेंढ्या बारा महिने चिखलात. काकू मान ताठ ठेवून घरी आल्या.

सकाळी डबी घेऊन त्या गोठ्यात गेल्या. ठमीखाली जे होतं ते पातळ, हिरवट आणि नाक धरायला लावणारं. हे असलं डबीत भरून चार लोकांसमोर द्यायचं? काकूंचा हातच पुढे होईना. शेजारी धाकट्या मेंढीच्या लेंड्या पडल्या होत्या, काळ्याभोर, टणक, एका मापाच्या. काकूंनी त्या कागदावर पसरल्या, दोन वेड्यावाकड्या बाजूला काढल्या आणि उरलेल्या घासलेल्या स्टीलच्या डबीत ठेवल्या. दारातून सुनेनं विचारलं, ह्या ठमीच्या का? घरच्याच आहेत, असं सांगून काकू निघाल्या.

रिपोर्ट झकास आला. जंतांची अंडी असतात तेवढीच, काळजीचं काही नाही. डॉक्टरीणबाई जरा बुचकळ्यात पडल्या, ताकदीचं औषध दिलं आणि फरक नसेल तर मेंढीच घेऊन या म्हणाल्या. काकूंनी रिपोर्ट गल्लीभर सांगितला. शिंपिणीला तर दोनदा.

चौथ्या दिवशी ठमी उठलीच नाही. सुनेनं तिची खालची पापणी ओढून दाखवली. आत लालीचा मागमूस नव्हता, नुसती पांढरी.

"आई," सून म्हणाली, "अब्रू सांभाळायची की ठमी, ते आत्ता ठरवा."

काकूंनी ठमीला आहे तशी उचलली. साडीची वाट लागली, पण त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. रिक्षातून उतरून त्या थेट आत घुसल्या. बाकांवर माणसं दाटीनं बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर डबी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंत नाहीत हे तर कळलंय, म्हणजे दुसरंच काही शोधावं लागेल, दोन दिवस जातील. ठमीकडे तेवढे दिवस नाहीत हे काकूंना दिसत होतं.

"बाई, रिपोर्ट बरोबर आहे, लेंड्या चुकीच्या होत्या," काकू म्हणाल्या. "हिच्या घाण दिसत होत्या. म्हणून दुसरीच्या, चांगल्या बघून आणल्या."

बाकांवरच्या माना वळल्या. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे ठमीचा नमुना घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि काकूंनाही बघायला लावलं. अंडीच अंडी. लगेच औषध पाजलं, आज आणलीत म्हणून वाचेल म्हणाल्या, आणि मग गवताची चौकशी केली. जंतांची पिल्लं म्हणे गवताच्या बुडाशी ओलीत राहतात. गवत आखूड, त्यात रोज पाणी आणि मेंढ्यांची तोंडं रोज त्याच जागी. जंतांची एवढी बडदास्त त्यांनी कुठं पाहिली नव्हती.

काकूंना धरणी दुभंगावी असं झालं. आता सगळे हसणार, म्हणून त्या धीर करून मागे वळल्या.

कुणी हसत नव्हतं. एक पेन्शनर आपल्या डबीत डोकावून पाहत होता. "मी जरा घरी जाऊन येतो," असं पुटपुटून तो उठला. त्याच्यामागून एक जोडपं उठलं, मग खाटीक, मग डबी पदराखाली घेऊन शिंपीण. डॉक्टरीणबाईंनी पुढचा नंबर पुकारला, तेव्हा बाकांवर कुणीच नव्हतं.