पेंगणारी म्हैस
सरकीच्या पेंडीचा वास आला की आमची ती म्हैस आठवते. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं आणि वडिलांनी ती गंगाखेडच्या बाजारातून आणली होती. रेडकू लुचायला लागलं की ती उभ्या उभ्या पेंगायची. "विकणाऱ्यानं अफू चारलीय. उतरली की लाथा झाडंल बघ," म्हणत वडील तिचं तोंड हुंगायचे. आई म्हणायची, "आवं, लेकरू पितंय म्हणून डोळा लागायलाय तिचा." गुंगी काही उतरेना, तेव्हा घरातलंच कुणीतरी तिला अफू चारतंय, असा संशय वडील घेऊ लागले. एका दुपारी धाकट्याला पाजता पाजता आईचेच डोळे मिटले. पाजताना आईच्या मेंदूतच गुंगीचं रसायन तयार होतं, मग ती म्हैस असो की बाई, हे मी आता वाचलं. वडिलांनी मात्र तेव्हा हळूच वाकून आईचंही तोंड हुंगलं होतं.