‘डॅम्प कोट्स’चा निरोपाचा कार्यक्रम

जोसलिन हेपवर्थला कुणी विचारलं, "चहा करू की कॉफी?" तर ती म्हणायची, "तुला जे सोपं पडेल ते." खिडकी उघडी ठेवू की लावू? "तुम्ही म्हणाल तसं." लग्न कुठल्या चर्चमध्ये करायचं हे होणाऱ्या नवऱ्याने, डेझमंडने, विचारलं तेव्हाही तिने हेच सांगितलं, आणि शेवटी लग्न लागलं ते डेझमंडच्या मावशीला बसने सोयीचं पडेल अशा चर्चमध्ये. आमच्या बार्न्सली गावात बहुतेक माणसं याच मातीची. दुसऱ्याची गैरसोय होऊ नये म्हणून आपली इच्छा गिळायची आणि वर ढेकर दिल्यासारखं हसायचं, हे इथे पाळण्यातच शिकवतात. पण इतरांनी त्यात फार तर पदवी घेतली असेल, जोसलिनने डॉक्टरेट मिळवली होती.

एकाच जागी तिचा हा स्वभाव गळून पडायचा. ड्रमसेटमागे बसली की ही पाच फुटी बाई कुणाला भीक घालायची नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे पोरांचे बटाटे कुस्करून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते, आणि ते सगळं बळ ती मंगळवारी संध्याकाळी गालिच्यांच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत बाहेर काढायची. खाली गिऱ्हाईक दचकून वर बघायचं. दुकानदार म्हणायचा, "घाबरू नका, आमची जोसलिन आहे. मनाने फार गरीब आहे हो."

‘डॅम्प कोट्स’ हा बँड कॉलेजात असतानाच जमला. लिंडन पिकल्स गायचा आणि गिटार वाजवायचा, बार्नी ओल्डरॉइड बेस वाजवायचा, आणि ड्रम वाजवायला कुणीच तयार नव्हतं म्हणून जोसलिन म्हणाली, "मी बसले तर चालेल का?" पहिल्या तालमीला तिघं भिजून आली, कोट हीटरवर टाकले, खोलीभर कुबट वास सुटला, आणि ‘डॅम्प कोट्स’, म्हणजे ‘ओले कोट’, हे नाव आपोआप पडलं.

पुढची दोन-तीन वर्षं त्यांचं नशीब जोरावर होतं. त्यांचं ‘बस चुकली तरी’ हे गाणं रेडिओवर वाजलं आणि देशाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अडतिसाव्या नंबरावर चढलं. एकच आठवडा टिकलं, पण जोसलिनच्या आईने ते वर्तमानपत्र फ्रेम करून न्हाणीघराबाहेर लावलं, म्हणजे पाहुण्यांच्या नजरेतून सुटायला नको. लंडनच्या एका कंपनीने दोन रेकॉर्डचा करार केला. फोटो काढणाऱ्याने तिघांना एका पडक्या गिरणीसमोर उभं केलं आणि सांगितलं, "उदास दिसा." लिंडनला ते जन्मजात जमायचं. जोसलिनचा चेहरा मात्र स्वस्थ बसला तरी हसरा दिसतो. तासाभराने फोटोवाला वैतागला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही जरा पाठमोऱ्या उभ्या राहा." म्हणून पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर दोन दुःखी तरुण आहेत आणि एक अंबाडा आहे.

मोठ्या महोत्सवातही ते वाजवून आले, पण दुपारी बारा वाजता. चिखलात चाळीस माणसं उभी होती आणि त्यातली बरीचशी पलीकडच्या चिप्सच्या गाडीच्या रांगेत होती. तरी बार्नी आजही सांगतो, "रांगेतले लोकसुद्धा मान हलवत होते." दुसरी रेकॉर्ड आपटली, कंपनीने एक पत्र पाठवून हात झटकले. त्या मंगळवारी जोसलिनने खिम्याची पेस्ट्री भाजली आणि ती घेऊन तालमीला गेली, कारण तालीम नाही असं कुणी म्हणालं नव्हतं. ते दोघंही आले होते. पेस्ट्री खाल्ली, वाजवलं, घरी गेले. मग पुढच्या मंगळवारी आले. असं करत करत बँडला सत्तावीस वर्षं झाली. बार्नी टपाल वाटायला लागला, लिंडन शाळेत भूगोल शिकवायला लागला, आणि महिन्यातून दोन शनिवार जुन्या बेकरीच्या व्हॅनमधून हे तिघं कुठे लीड्स, कुठे हल, एकदा तर बेल्जियमपर्यंत वाजवून आले. सामान उतरवायला आणि टी-शर्ट विकायला डेझमंड सोबत असायचाच.

आणि असं सगळं छान चाललं असताना फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तो प्रकार झाला.

लिंडनने स्पीकर जिन्यावरून वर आणला, खाली ठेवला आणि म्हणाला, "आई गं, पाठ गेली माझी."

बार्नी चहा ओतत होता. तो जरा थांबून म्हणाला, "म्हणजे बघा, कुणाला आता पुरे वाटत असेल, तर माझी काही हरकत नाही हं."

"माझी कशाला असेल?" लिंडन म्हणाला. "जो, तुला काय वाटतं?"

जोसलिनने दोघांकडे पाहिलं. एकाची पाठ गेलेली, दुसऱ्याचे केस गेलेले. दमलेत बिचारे, तिने मनात म्हटलं, आपल्यासाठी कशाला ओढायचं त्यांना? "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.

"म्हणजे तुला चालेल?"

"तुम्हाला चालत असेल तर चालेल की."

"ठरलं मग."

"ठरलं."

चहा निवायच्या आत सत्तावीस वर्षांचा बँड बंद झाला. जिना उतरताना तिघांनी एकमेकांचे आभारसुद्धा मानले.

घरी येऊन जोसलिन मोजे चढवायच्या खुर्चीवर बसून ढसाढसा रडली. डेझमंड हातात इस्त्री घेऊन तसाच उभा राहिला. "अगं, मग सांग ना त्यांना!"

"नको. त्यांच्यावर दबाव येईल."

"दबाव? तू काय पंतप्रधान लागून गेलीस? सांग, मला वाजवायचंय म्हणून!"

"डेझ, ते माझ्याखातर हो म्हणतील आणि मनातून कुढत राहतील. तसलं मला नको."

डेझमंडने कपाळाला हात लावला. पण बायकोच्या मागे तिच्या मित्रांशी बोलायचं म्हणजे चहाडी झाली, असं त्याला वाटलं. तोही शेवटी बार्न्सलीचाच. त्याने मुकाट्याने ‘शेवटचा कार्यक्रम’ छापलेले टी-शर्ट मागवले.

मे महिन्यातल्या रविवारी, दुपारी तीन वाजता, खाण कामगारांच्या जुन्या क्लबात निरोपाचा कार्यक्रम झाला. तीनशे माणसं आली. एवढी गर्दी ‘डॅम्प कोट्स’ने जन्मात कधी पाहिली नव्हती. बेल्जियमहून नऊजण आले होते, गालिचेवाला सहकुटुंब आला होता, आणि शाळेतल्या स्वयंपाकघरातल्या बायका पहिल्या रांगेत उकडलेल्या मटारच्या वाट्या घेऊन बसल्या होत्या. जोसलिनने सगळी गाणी वाजवली. प्रत्येक गाणं संपलं की एक कमी झालं, एवढंच तिला कळत होतं.

शेवटी ‘बस चुकली तरी’ आलं. या बँडची सगळी गाणी एकाच तऱ्हेने संपतात. लिंडन शेवटची ओळ दोनदा म्हणतो, वळून जोसलिनकडे बघतो, ती मोठ्या झांजेवर एक दणका देते आणि सगळं थांबतं. ती झांज वाजेपर्यंत दुसऱ्या कुणी थांबायचं नाही, हा त्यांचा नियम.

लिंडन वळला. जोसलिनने काठी उचलली, आणि तिचा हात झांजेकडे गेलाच नाही. तो परत ड्रमवर आला आणि ठेका चालूच राहिला.

लिंडन गडबडला. पुन्हा ओळ म्हणाला, पुन्हा वळला. ठेका चालूच. लोकांना वाटलं, खास बसवलंय. टाळ्या सुरू झाल्या. चौथ्या फेरीला लिंडन गिटार वाजवत वाजवत ड्रमपाशी आला. "जो, संपव ना!"

"नाही!"

"नाही म्हणजे? हात अडकला का?"

बार्नीही आला. "काय झालं रे?"

"ही थांबत नाहीये!"

"पायात गोळा आला का गं?"

"गोळा नाही आला, बावळटा!" जोसलिन ओरडली. तिच्या डोक्यावर टांगलेल्या माइकने ते सगळ्या क्लबला ऐकवलं. "मला थांबायचंच नाहीये! गाण्याचं नाही बोलत मी, बँडचं बोलतेय! मला बँड थांबवायचा नाहीये!"

लिंडनचा हात तारांवरून निसटला. बार्नीचाही. आता एकटा ड्रम वाजत होता.

"मग फेब्रुवारीत का नाही बोललीस?" लिंडन म्हणाला.

"तुम्हा दोघांना थांबायचं होतं म्हणून!"

"मला? मला कुठे? बार्नीला थांबायचं होतं!"

"मी?" बार्नीचा आवाज चिरकला. "अरे, तुझी पाठ गेली होती ना!"

"गेली होती, दुसऱ्या दिवशी परत आली! पाठ दुखते म्हणून कुणी बँड मोडतं का?"

"मला वाटलं तुला सांगायला जड जातंय, म्हणून मी सोपं करून दिलं!"

मग मागून एक म्हातारा उठून म्हणाला, "आम्ही असंच करत करत स्कॉटलंडला राहायला गेलो होतो! अकरा वर्षं!" आणि तीनशे माणसं अशी हसली की मटारच्या वाट्या सांडल्या. त्या क्लबात असं एकही घर नव्हतं जिथे असलं काहीतरी घडलं नव्हतं.

लिंडन हसला नाही. त्याने गिटार खाली ठेवली आणि ड्रमसमोर उकिडवा बसला. "जो, आमचं सोड. तुला काय हवंय, तेवढं सांग."

ठेका थांबला. तिकडे टी-शर्टच्या टेबलाशी डेझमंड एक शर्ट छातीशी धरून उभा होता. जोसलिनने काठ्या खाली ठेवल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र नेहमीसारखा हसराच दिसत होता.

"मला तुम्ही दोघं हवे आहात," ती म्हणाली. "दर मंगळवारी. माझे हात चालताहेत तोवर."

बार्नीने बाहीने नाक पुसलं. "मग झालं तर. परवा सहाला?"

"मला साडेसहा बरं पडेल," लिंडन म्हणाला, "पण तुम्ही म्हणाल तसं."

"सहा," जोसलिन म्हणाली.