रोमन जातं आणि माझी पाच मिनिटं

मी लातूरची. म्हणजे खरी शिरूर अनंतपाळची, पण शिकवण्यांसाठी लातुरात राहून वाढलेली, त्यामुळं पाठांतर हाडात मुरलेलं. दहावीला विज्ञानाच्या पुस्तकातल्या आकृत्यांखालची बारीक अक्षरंसुद्धा मला तोंडपाठ होती. इंग्लंडला पुरातत्त्व शिकायला गेले तेव्हा ही सवयही सोबत गेली, आणि तिनंच मला बुडवलं.

पहिल्या सत्रात वर्गासमोर बोलायची परीक्षा होती. पाठ केलेलं तिसऱ्या ओळीला अडकलं, तसं मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. असं दोनदा. पोरं खाली माना घालून हसली आणि सरांनी मला नापास केलं. दुसरी संधी एकच होती. एका जुन्या रोमन गावाला दिवसभराची सहल जाणार होती. तिथली एक वस्तू निवडायची आणि तिच्यासमोर उभं राहून पाच मिनिटं बोलायचं. तीही हुकली तर अख्खं वर्ष पुन्हा. निघताना गावानं हार घालून पाठवलं होतं मला. कुठल्या तोंडानं सांगणार होते?

मग काय, पुन्हा घोकंपट्टी! तिथल्या स्नानगृहातली रंगीत खड्यांची फरशी निवडली, पानभर मजकूर लिहिला आणि आंघोळ करताना, भांडी घासताना, बसमध्ये, म्हणून म्हणून रूममेटला बेजार केलं. सहलीच्या सकाळी ते रोमन गाव आलं, त्याची तटबंदी आली, खांबांचे बुंधे आले, पण मी कशाकडं बघितलंच नाही. नुसते ओठ हलवत चालले होते. स्नानगृहाच्या दारात पोचलो तर आडवी दोरी बांधलेली आणि फरशीवर पांढरं कापड. डागडुजी चालू होती, आत सोडत नव्हते.

"दुसरी वस्तू बघ," सर म्हणाले. "जेवणानंतर तुझा नंबर."

खल्लास! बाकावर बसून, सँडविच हातात धरून, मी चक्क रडले. रागही आला होता, कुणाचा काय की. त्या कापडाचाच असेल.

तेवढ्यात संग्रहालयाच्या अंगणातून गलका ऐकू आला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी फिरवून बघावं म्हणून तिथं रोमन जात्याची नवी नक्कल ठेवली होती, शेजारी गव्हाची बादली. आमच्या वर्गातली पोरं उभ्यानंच वाकून खुंटा ढकलून राहिली होती. एकानं ओंजळभर गहू भोकात कोंबला आणि जातं जागच्या जागी थांबलं. तर तो शहाणा दुसऱ्याला म्हणतो, "रोमन लोक फार ताकदवान असणार."

मला राहवेना. आमच्या घरी अजून जातं आहे. मायला गिरणीची डाळ चालत नाही, तूर घरीच भरडते, आणि सुट्टीत घरी गेले की मलाही खुंट्याला जुंपते. मेलं हे जातं, असं मी किती वेळा म्हटलं असेन!

"सरका!" मी ओरडले, तेही मराठीतच. बूट काढले, जमिनीवर फतकल मारली, वरच्या दगडाची तळी उचलून अडकलेला गहू झाडला आणि चिमूट चिमूट दाण्यांची वैरण घालत ओढायला लागले. घरघर सुरू झाली. कडेनं पीठ पडायला लागलं तशी पोरं जवळ सरकली. सर कधी मागं येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"हीच तुझी वस्तू समजायची का?"

"समजा," मी म्हणाले खरी, आणि मग घाबरले.

पण पाठ काही केलंच नव्हतं, तर विसरणार काय? इंग्रजी मोडकंतोडकं, पण हात चालू होता तशी जीभही चालली. दाणा थोडाथोडाच का घालायचा, उभ्यानं दळलं तर कंबर कशी जाते, दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं टाकी लावून पुन्हा खरखरीत कसा करतात, सगळं सांगितलं. मग उठले आणि सगळ्यांना आत, काचेतल्या खऱ्या रोमन जात्यापाशी नेलं. त्याच्या वरच्या तळीला खुंट्यासाठी दोन भोकं होती. पाटीवर लिहिलं होतं की दोन माणसं मिळून दळत, म्हणून खुंटे दोन.

"चूक आहे हे," मी म्हणाले. "हे भोक बघा, झिजून पार कडेपर्यंत फाटलंय. खुंटा डगमगायला लागला की दुसरीकडं नवं भोक पाडतात. आमच्या जात्याला तीन आहेत, आणि दळणारी एकटी माय."

सर गुडघ्यावर बसले, काचेला नाक लावून बघत राहिले.

"बरोबर आहे तुझं," ते उठत म्हणाले आणि मला घड्याळ दाखवलं. पाचाची सतरा मिनिटं झाली होती. "पास."

अगं माय गं! मी तिथंच टुणकन उडी मारली. पहारेकरीण दचकून बघायला लागली, बघू दे म्हटलं.

सरांनी वही काढली. "संग्रहालयाला हे कळवतो. संदर्भ काय देऊ? कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही. माझ्या आईचं आहे."

वाटलं, हसतील. त्यांनी मायचं पूर्ण नाव विचारलं, स्पेलिंग दोनदा तपासलं आणि लिहून घेतलं. चौथीनंतर शाळेची पायरी न चढलेली बाई, आणि तिचं नाव संदर्भात!

अंगणात येऊन लगेच फोन लावला. पास झाल्याचं ऐकून माय एवढ्यानं ओरडली की तिकडं शेजारीण धावत आली. नावाचं सांगितलं तशी मात्र हळूच विचारायला लागली.

"खरंच लिवलं का गं?"

"हाव."

"आडनाव कोणतं सांगितलंस?"

"आपलंच की."

"ते खोडायला लाव," माय म्हणाली. "माझ्या माहेरचं घाल म्हणावं. मला दळायला माझ्या मायनं शिकवलंय, तुझ्या बापाच्या घरी आल्यावर न्हाई शिकले मी."

सर बसच्या पायरीवर पाय ठेवत होते. मी धावत जाऊन त्यांना थांबवलं आणि वही पुन्हा उघडायला लावली.